भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधडतं. काय करावं?

सोनचाफा

इथे बरीच वर्षं वाचते, लिहीत कधी नाही. आज वेळ आली आहे. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

आम्ही बार्शीचे. मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात क्लार्क आहे. घरी आई, अण्णा आणि चार एकर जमीन. धाकटा भाऊ यंदा पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेला, कॉम्प्युटरला. कॉलेज खासगी, नाव लिहीत नाही. सीईटीला मार्क बरे होते, पण प्रवेशाच्या पहिल्या दोन कॅप राउंडना हवं ते मिळालं नाही, तिसऱ्याला नंबर लागला. हा पोचेपर्यंत वर्ग सुरू झालेले, हॉस्टेल भरलेलं. मग आंबेगावात कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका कॉटचं भाडं भरून, सोय केली. टू-बीएचकेत सात पोरं, हॉलमध्ये तीन कॉट, त्यातली बाल्कनीच्या दाराजवळची याची. दोन वेळची मेस.

दिवाळी करून परत गेला आणि थोड्याच दिवसांत मध्यरात्री त्याच्या रूममेटचा फोन. "अक्का, याच्या छातीत दुखतंय, हात बधिर पडलेत, घाम सुटलाय, आम्ही दवाखान्यात नेतोय." इकडे आम्ही तिघंही रात्रभर जागेच. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. तिथले डॉक्टर म्हणाले, गॅसेस आहेत, टेन्शन घेऊ नको. एक गॅसची गोळी आणि एक झोपेची दिली. बिल मात्र गॅसचं नव्हतं.

तेव्हापासून हे अधूनमधून होतंच आहे. एकदा एम-वनच्या, म्हणजे गणिताच्या, तासाला झालं, एकदा पीएमपी बसच्या गर्दीत. आता बसने जायचंच टाळतो, पायी जातो. ताटात अर्धं टाकून उठतो असं रूममेट सांगतो. संध्याकाळी फोन उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर "जेवलो" एवढंच टाकतो. त्यात हजेरी कमी असल्याचा कॉलेजचा मेसेज अण्णांच्या मोबाइलवर आला. अण्णा म्हणतात अभ्यास नको म्हणून ही सोंगं. आई म्हणते दृष्ट लागली, गल्लीभर पेढे वाटायलाच नको होते. चुलते म्हणतात मोबाइल काढून घ्या, आठ दिवसांत सरळ होतो.

माझा संशय वेगळा आहे. दिवाळीत त्याच्या बॅगेतले कपडे धुवायला काढताना खिशात मावेल एवढी एक वही निघाली. रोजचा खर्च मांडलेला. वडापाव, झेरॉक्स, पीएमपी, ड्रॉइंग शीट. खर्च लिहितो याचं मला कौतुकच वाटलं. पण शेवटच्या पानावर चार वर्षांची बेरीज होती. फी, कॉट, मेस, बँकेचं शैक्षणिक कर्ज, अण्णांनी मामाकडून घेतलेले हातउसने, त्या सगळ्यावर व्याज, आणि खाली "पहिला पगार" लिहून पुढे प्रश्नचिन्ह. व्याज त्याने पहिल्या दिवसापासून चारही वर्षांच्या पूर्ण रकमेवर धरलेलं. आमच्याकडे कोणी असा हिशोब काढला असता तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता. कर्ज एकदम उचललेलं नाहीये, दरवर्षी फीपुरतं उचलतो. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होतात. पण हे त्याला सांगणार कोण? आमच्या घरात पैशाचं पोरांसमोर बोलत नाहीत, आणि पोरांना सगळं कळत असतं. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्याखाली गेलं तेव्हा अण्णांनी त्याला फोनवर "थोडं भिजलंय" एवढंच सांगितलं. त्याने त्याच रात्री गावातल्या मित्राकडून शेताचा व्हिडिओ मागवून पाहिला.

तर विचारायचं ते असं. अठरा वर्षांच्या धडधाकट पोराला हे का होतं? एकट्या पैशाच्या काळजीने इतकं होऊ शकतं का? न्यायचं तर कोणाकडे? आणि मानसोपचारवाल्याकडे नेलं तर कॉलेजच्या रेकॉर्डवर जातं का, पुढे नोकरीला अडतं का? परीक्षा तोंडावर आहे.

स्पष्टवक्ता

ताई, रागावू नका पण स्पष्ट लिहितो. आम्ही फर्ग्युसनच्या मागे एका खोलीत सहा जण राहायचो, महिन्याला घरून मनीऑर्डर यायची ती पंधरा तारखेला संपायची. कोणालाही अँग्झायटी झाली नाही, कारण ती असते हेच माहीत नव्हतं. आताच्या मुलांना सगळं हातात मिळतं. सकाळी पाचला उठवा, पर्वतीची टेकडी चढायला लावा, मोबाइल रात्री नऊला बंद. बघा फरक पडतो की नाही.

रूम_नंबर_७

काका, तुमच्या खोलीतल्या सहाही जणांचं पुढे काय झालं ते तुम्हाला खरंच माहीत आहे का? सहज विचारतोय. पर्वतीचं मात्र बरोबर आहे, मी चढतो.

सोनचाफा ताई, मी हिंगोली जिल्ह्यातला, आता टीईला म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. तुमच्या भावाचं वाचून पहिल्या वर्षाचा मीच डोळ्यांसमोर आला. पुढे लिहितो ते सगळं त्याला लागू असेलच असं नाही.

उशिरा पोचलेल्या पोराचं पहिलं नुकसान अभ्यासाचं नसतं. ग्रुप पडलेले असतात. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये कोण कोणाबरोबर उभं राहणार, कोणाचं जर्नल कोणाकडे फिरणार, कँटीनमध्ये कोण कोणासाठी जागा धरणार, हे पहिल्या पंधरवड्यात ठरून जातं. नंतर येणारा लटकतो. मला दोन महिने लॅबमध्ये कोणी पार्टनर नव्हता. सर म्हणायचे, कुठेही घुस रे. कुठे घुसणार?

दुसरं, भाषा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून, पण ती नावापुरती. क्लासचे सर शिकवायचे मराठीतच आणि एमसीक्यूला पाठ केलेलं चालायचं. इथे सगळं इंग्रजीत, आणि मधल्या सुट्टीत पोरं हिंदीत. मला प्रश्न कळायचा, उत्तर यायचं, पण उभं राहून बोलायचं म्हटलं की घसा कोरडा. एकदा पीपीटीला उभा राहिलो आणि पहिल्या स्लाइडवरच अडकलो, मागे कोणीतरी हसलं. तो माझ्यावर हसला की मोबाइलवर काही बघून, मला आजही माहीत नाही. त्यानंतर प्रेझेंटेशन असलं की आदल्या रात्रीपासून पोट बिघडायचं.

तिसरं म्हणजे झोप, आणि हे घरी कोणी सांगत नाही. हॉलमधली कॉट म्हणजे लाइट बंद कधी होणार हे तुमच्या हातात नाही. रात्री एकला कोणीतरी मोबाइलवर बीजीएमआय गेम खेळतंय, दोनला चहाला जायचं, तीनला झोप, आठचं लेक्चर बुडालं. सबमिशनच्या आठवड्यात तर टपरीवरचं वीस रुपयांचं लाल एनर्जी ड्रिंक आणि मॅगीवर राहायचो. ते प्यायल्यावर माझं हृदय जे धडधडायचं ते मला चढायला लागलेल्या अटॅकसारखंच वाटायचं. तो पितो का ते नक्की विचारा. चहा किती होतो तेही विचारा.

आणि पैशाचं. तुमचा संशय मला शंभर टक्के पटतो. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म "कॉलेज लेव्हलला पेंडिंग" दाखवतो, ऑफिसवाले म्हणतात वरून अडलंय, आणि इकडे परीक्षेच्या फॉर्मवर सही हवी तर फी भरा म्हणतात. मी त्या खिडकीसमोर उभा राहून मनात आमच्या बैलजोडीची किंमत काढली आहे. घरून कोणी एक शब्द बोललेलं नसतं. न बोलण्यानेच जास्त होतं.

मी कॉलेजच्या कौन्सिलरकडे गेलो होतो. मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांची केबिन एचओडींच्या केबिनला लागून, बाहेर बाकावर बसलेलं सगळ्यांना दिसायचं. मग एका मित्राबरोबर ससूनच्या, म्हणजे पुण्यातल्या सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीत गेलो. केस पेपर काढला, रांगेत अर्धा दिवस गेला, पण डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. औषध काही महिने चाललं. आता व्यवस्थित आहे. एम-टूला मात्र नापास झालो, बॅक लागली होती, ती नंतर सुटली.

सोनचाफा

रूम नंबर ७, तुझं वाचून दुपारी काउंटरवर बसल्या बसल्याच त्याच्या रूममेटला मेसेज केला. तो म्हणाला, "हो अक्का, तो लाल डबा रोज पितो, कधी दोन." मला वाटायचं ते सरबत असतं.

स्पष्टवक्ता काका, राग नाही. पण सकाळी पाचला उठवायला तिथे कोण आहे?

डॉक्टर_गोदाकाठ

मी सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करतो. न बघता निदान करत नाही, करूही नये. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते पॅनिक अटॅकच्या अगदी जवळचं आहे. धोका नसताना शरीर धोक्याची तयारी करतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून हातापायांना मुंग्या, बधिरपणा, गरगरणं येतं. माणसाला वाटतं हार्ट अटॅक आला, त्या भीतीने श्वास आणखी वाढतो. साधारण दहा मिनिटांत हे शिगेला जातं आणि मग आपोआप उतरतं. त्या वेळी श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याला जास्त वेळ द्यायचा, हे रूममेटलाही सांगून ठेवा. "काही नाही झालं तुला" असं कोणी म्हणू नये. त्याला झालेलं असतं.

ईसीजी नॉर्मल आला ही चांगली गोष्ट आहे, पण "गॅस" म्हणून परत पाठवणं मला पटत नाही. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ या तपासण्या करून घ्या. थायरॉइड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते. बी-१२ची कमतरता आपल्याकडे शाकाहारी मुलांमध्ये फार सापडते आणि थकवा, मुंग्या, चिडचिड यात भर घालते. एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफिन भरपूर असतं. उपाशीपोटी, कमी झोपेवर ते रोज घेतलं तर ज्याला मुळात अँग्झायटी नाही त्याचंही हृदय धडधडेल. ते हळूहळू कमी करून बंद करायला सांगा. झोपेची जी गोळी दिली आहे तिचं नाव मला इथे नको, पण ती स्वतःच्या मनाने चालू ठेवायची नाही. त्या गटातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते.

सगळ्यात जास्त लक्ष मी कशाकडे देईन सांगू? बस सोडून पायी जाण्याकडे. जिथे अटॅक आला ती जागा टाळली की त्या क्षणी बरं वाटतं, आणि भीती पक्की होते. आज बस, उद्या वर्ग, परवा परीक्षेचा हॉल. हे लवकर धरलं तर सीबीटीने, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणाऱ्या थेरपीने, छान सुटतं. कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धतही त्याच घराण्यातली. औषध लागलंच तर आम्ही बहुधा एसएसआरआय या नैराश्य-चिंतेवरच्या गटातलं देतो. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, पहिल्या दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते, आणि या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी लक्ष ठेवावं लागतं. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही.

"अठराव्या वर्षी का" याचं उत्तर असं की याच वयात होतं. आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना तो २४ वर्षांच्या आत सुरू झालेला असतो. कॉलेजची वर्षं नेमकी त्यात येतात आणि त्याच वेळी घर, भाषा, जेवण, झोप, मित्र, सगळं एकदम बदलतं. एक कारण शोधत बसू नका. पैसा हे कारण आहेच, पण तोच पोरगा नीट झोपत असता, दोन मित्र असते आणि कॅफिन नसतं, तर पैशाची तीच काळजी त्याने पेलली असती.

रेकॉर्डचं. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो. डॉक्टर कॉलेजला कळवत नाही. पॅनिक अटॅकवर उपचार घेतले म्हणून कोणाची कॅम्पस प्लेसमेंट गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. उपचार न घेतल्याने वर्ष गेलेले मात्र पाहिलेत.

कोणाकडे न्यायचं? आधी सायकियाट्रिस्टकडे, म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम डॉक्टरकडे. ते गरजेप्रमाणे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवतील. सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाहीत. त्यांची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी विचारायला लाजू नका. लगेच जाणं जमत नसेल तर टेलिमानस ही फोनवरची मदतसेवा, १४४१६. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं, अजून निम्म्या लोकांना माहीत नाही.

आणि एक गोष्ट त्याला समोरासमोर विचारा. "जगून काय करू, असं मनात येतं का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, हा गैरसमज आहे. उलट बहुतेक मुलं विचारल्यावर मोकळी होतात. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

निवृत्त_मास्तर

मी तीसेक वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवलं. तुमच्या भावाला ज्या एम-वनच्या तासाला घाम फुटला तो तास माझाही असू शकला असता.

हजेरीचा तो मेसेज कसा येतो ते आधी सांगतो. प्रत्येक वीस-पंचवीस मुलांमागे एक जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर असतो. ७५ टक्क्यांच्या खाली हजेरी गेली की यादी निघते, मेसेज जातो, कधी पालकांना बोलावणं जातं. कागदावर ही मुलाची विचारपूस करायची व्यवस्था आहे. प्रत्यक्षात त्या मास्तरकडे चार तास शिकवणं, नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली आणि परीक्षेची ड्यूटी असते. तो मुलाला विचारतो, "का रे येत नाहीस?" मुलगा म्हणतो, "सर, बरं नव्हतं." रजिस्टरला सही. माझ्याही रजिस्टरला अशा सह्या पुष्कळ होत्या. तरीही तुम्ही जीएफएमला भेटाच. वैद्यकीय कागद दाखवला तर हजेरीत बहुधा सवलत मिळते, आणि मास्तरला एकदा खरं कळलं की तो वर्गात त्या मुलाकडे वेगळ्या नजरेने बघतो. रागावणारे सगळे वाईट नसतात हो.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ला एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा, आणि परीक्षेच्या काळात छोट्या गटांना मार्गदर्शक नेमायचे, असं त्यात आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांत १३ हजारांवर विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, आणि दोन हजारांहून जास्त मृत्यूंचं कारण परीक्षेतलं अपयश असं लिहिलेलं आहे. म्हणून कॉलेजात "कौन्सिलर आहेत का" एवढं विचारून थांबू नका. "केव्हा बसतात, कुठे बसतात" हे विचारा. रूम नंबर ७ने केबिनची जी गोष्ट लिहिली ती फार खरी आहे.

आता एम-वन. आयगेन व्हॅल्यूज, फूरिए सिरीज, पार्शल डिफरन्सिएशन, ही नावं ऐकूनच मुलं गार पडतात. पण विद्यापीठाच्या पेपरात प्रश्नांचे नमुने ठरलेले असतात. गेल्या पाच-सहा वर्षांचे पेपर घेऊन मॅट्रिक्स आणि पार्शल एवढं हाताने, घड्याळ न लावता, रोज दोन गणितं सोडवली तरी चाळीस टक्के अवघड नाहीत. आणि नाहीच सुटला तर बॅक. पहिल्या वर्षीच्या बॅकने कोणाचं करिअर बुडालेलं माझ्या पाहण्यात नाही. माझ्या हाताखाली एम-वनला तीनदा बसलेला विद्यार्थी आज मला व्हॉट्सअ‍ॅपवर गुंतवणुकीचे सल्ले देतो, जे मी मागितलेले नाहीत. शिष्यवृत्तीवर बॅकचा काय परिणाम होतो ते प्रत्येक योजनेचं वेगळं असतं. ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात लेखी विचारून घ्या, मुलांच्या ग्रुपवरच्या अफवांवर जाऊ नका.

एक आगाऊपणा करतो. घरून रोज संध्याकाळी "काय अभ्यास केलास" असं विचारलं जात असेल तर महिनाभर तो प्रश्न बंद ठेवा.

अबोली_के

मी कणकवलीची, सांगलीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वरचं सगळं वाचलं. मुलींचं थोडं वेगळं असतं म्हणून लिहिते.

मला गेल्या वर्षी असंच व्हायचं, वॉर्ड पोस्टिंगच्या आधी. हात थरथरायचे, इंजेक्शन भरताना सिस्टरांच्या लक्षात यायचं. पण घरी मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर बाबांनी "झेपत नाही तर ये परत" म्हटलं असतं, आणि परत गेले की पुढचा विषय स्थळांचा. माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुली याच भीतीने गप्प असतात. अण्णा "सोंगं" म्हणतात तरी पोराला परत बोलावत नाहीत ना? मुलीला बोलावलं असतं. सोनचाफाताई, तुमच्याकडे पुढे कोणाची मुलगी शिकायला बाहेर पडली तर तिला आधीच सांगून ठेवा, की बरं वाटलं नाही तरी शिक्षण थांबवणार नाही.

मीही टेलिमानसला फोन केला होता, हॉस्टेलच्या गच्चीवरून. बाई मालवणी हेल काढून बोलत नव्हत्या, पण मराठीत बोलल्या, घाई केली नाही.

स्पष्टवक्ता

रूम नंबर ७ने विचारलं म्हणून सांगतो. त्या सहांपैकी एक जण दुसऱ्या वर्षी घरी गेला तो परत आलाच नाही. आम्ही "पळपुटा" म्हणायचो. का गेला, ते कोणी विचारलं नाही. पर्वतीचं मत कायम आहे.

सोनचाफा

सगळ्यांची आभारी आहे. काय झालं ते कळवते.

शनिवारी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले. अण्णांना बरोबर चला म्हटलं, ते ज्वारीला पाणी द्यायचंय म्हणाले. खोलीवर गेले तर हा झोपलेला, दुपारी साडेबाराला. उठवलं, खाली अमृततुल्यात नेलं, पण चहा मागवला नाही, दोघांना पोहे मागवले. डॉक्टरांनी सांगितलेला प्रश्न विचारायला मला फार जड गेलं. पोहे संपेपर्यंत थांबले आणि विचारलं. तो म्हणाला, "मरावंसं नाही वाटत अक्का. पण मी नसतो तर तुमचे एवढे पैसे वाचले असते, असं रोज वाटतं." याला "नाही" म्हणायचं की "हो", मला कळेना. डॉक्टर, हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे.

मग मी येताना आणलेली फाइल काढली. बँकेचं मंजुरीपत्र, उचल किती झाली त्याचं स्टेटमेंट, राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि केंद्राच्या व्याज अनुदान योजनेचा अर्ज. शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचे निम्मे पैसे येतात, उशिरा येतात पण येतात. वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षण चालू असतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. आमचा तो अर्ज बँकेत दिलेला आहे. त्याच्या वहीतलं व्याज मी त्याच्यासमोर त्याच पेनाने खोडलं. रक्कम मोठीच आहे, मी लहान करून सांगितली नाही. मामाचे उसने पैसे मी माझ्या पगारातून देते आहे हेही सांगितलं, ते त्याला माहीत नव्हतं. तो बराच वेळ आकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "ते उरलेल्या रकमेवरच व्याज, रिड्युसिंग म्हणजे काय ते परत सांग." मला त्याच्या तोंडून अभ्यासाचं काहीतरी ऐकून इतकं बरं वाटलं!

जीएफएम सरांना सोमवारी भेटले, त्यासाठी एक दिवस रजा वाढवली. मास्तरकाका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, आधी रजिस्टर पुढे केलं. मग मी दवाखान्याचा कागद दाखवला तर खुर्ची ओढून बस म्हणाले. मेडिकल सर्टिफिकेट आणून द्या, बघतो म्हणाले. कौन्सिलर आठवड्यातून दोन दिवस येतात, लायब्ररीच्या वर बसतात, हे त्यांनाही फोन करून विचारावं लागलं.

अण्णांशी अजून जमलेलं नाही. "मानसिक" शब्द काढला की उठून गोठ्यात जातात. त्यांना मी "बी-१२ कमी असेल, रक्त तपासायचंय" एवढंच सांगितलं आहे आणि त्याला ते लगेच हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात सायकियाट्रिस्टची वेळ घेतली आहे. रूम नंबर ७, तू म्हणतोस तो ससूनचा विचार केला होता, पण परीक्षेमुळे अर्धा दिवस रांगेत नको म्हणून सध्या कात्रजलाच दाखवतोय. महाग पडलं तर ससून आहेच.

डॉक्टर, दोन गोष्टी सांगा. रक्ताच्या तपासण्यांना उपाशी जायचं का? आणि तो "पैसे वाचले असते" म्हणाला, त्यासाठी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबलं तर चालेल का?

डॉक्टर_गोदाकाठ

दुसरं आधी. थांबू नका. "मरावंसं नाही वाटत" म्हणाला हे चांगलं आहे, पण "मी नसतो तर बरं झालं असतं" हे वाक्य आम्ही हलकं घेत नाही. ज्यांची वेळ घेतली आहे त्यांना आज फोन करा, त्याचं हे वाक्य जसंच्या तसं सांगा आणि लवकरची वेळ मागा. नाही मिळाली तर उद्या सकाळी ससूनची ओपीडी, रांग असली तरी चालेल. तोपर्यंत रात्री रूममेटपैकी एकाने त्याच्या बाजूच्या कॉटवर झोपावं. झोपेच्या गोळ्यांचं पाकीट त्याच्याकडे राहू देऊ नका, रूममेटकडे द्या. १४४१६ त्याच्या आणि रूममेटच्या दोघांच्याही मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. अण्णांना बी-१२ सांगितलंत, सध्या तेवढं पुरे. पण सायकियाट्रिस्टना एकदा त्यांच्याशी बोलू द्या. गोठ्यात जाणारे वडील डॉक्टरांसमोर बऱ्याचदा बसतात.

हिमोग्लोबिन, टीएसएच, बी-१२साठी उपाशी राहायची गरज नाही. साखर तपासणार असाल तरच रिकाम्या पोटी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर दोन दिवस आधी बंद करा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. बी-१२चं इंजेक्शन किंवा गोळ्या मात्र रक्त देण्याआधी कोणी सुरू करून देऊ नका.

रूम_नंबर_७

ताई, मी धनकवडीत राहतो, आंबेगावपासून जवळच. ओपीडीला सोबत कोणी नसेल तर मेसेज करा, उद्या मला लेक्चर नाही. जर्नल झालं नसेल तर तेही घेऊन यायला सांगा, रांगेत बसून लिहू.